कीर्द आहे, खतावणी नाही : नो-लिमिट पोकर सुधारत का नाही?

तक्रार साधारण अशी येते. "दादा, चार पुस्तकं वाचली. दीड वर्ष दर शनिवारी बसतोय. आधी ज्या चुका कळायच्या नाहीत त्या आता कळतात, पण पैसे तिथंच जातात. चार तास चिमणीसारखं टिपून जमवायचं आणि एका डावात सगळं उडवायचं. पुढच्या शनिवारी परत तेच."

हे मला आमच्या मंडळातल्या एका पोरानं गणपतीत, आरतीनंतर चपलांच्या ढिगाशी उभं राहून सांगितलं. तिथं दिलेलं उत्तर अर्धवट राहिलं, कारण बायको गाडीची किल्ली वाजवत उभी होती. उरलेलं आता लिहितो. हाच प्रश्न मला स्वतःला तीन वर्षं छळत होता, त्यामुळे उत्तर पाठ आहे.

आधी संदर्भ. मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेला असतो. इथं कार्डरूम, म्हणजे पैसे लावून पत्ते खेळायच्या जागा, कायदेशीर आहेत. मी एक-तीनच्या टेबलवर खेळतो, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांना टाकावाच लागणारा छोटा ब्लाइंड १ डॉलर, मोठा (बिग ब्लाइंड) ३, आणि समोर साधारण ३०० डॉलरच्या चिप. पुढचं सगळं याच टेबलाबद्दल आहे. हा खेळ माझं पोट भरत नाही. भरावं अशी इच्छाही नाही. ३०० डॉलर गेले तर महिनाअखेरी घरात काही अडत नाही, एवढीच माझी पात्रता. ज्याचं अडतं त्यानं हे वाचू नये आणि बसूही नये.

मुळात बिघाड आहे का, ते बघा

निम्म्या तक्रारी इथंच संपतात. लाइव्ह टेबलवर तासाला साधारण ३० डाव होतात. शंभर तास खेळलात की ३,००० डाव. नो-लिमिटमध्ये, म्हणजे आपल्यापुढच्या सगळ्या चिपा कधीही लावता येतात अशा खेळात, दर शंभर डावांमागे ८० ते १०० बिग ब्लाइंडचा चढउतार ही नेहमीची गोष्ट आहे. मधला आकडा ९० धरला तर ३,००० डावांवर तो सुमारे ५०० बिग ब्लाइंड होतो (९० गुणिले ३० चं वर्गमूळ). एक-तीनवर म्हणजे १,५०० डॉलर, वर किंवा खाली, निव्वळ नशिबाचे. आता तासाला पाच बिग ब्लाइंड कमावणारा, म्हणजे या पातळीवर चांगलाच म्हणावा असा खेळाडू घ्या. शंभर तासांत त्याची अपेक्षित कमाईही ५०० बिग ब्लाइंडच. म्हणजे असा माणूसही शंभर तासांनंतर तोट्यात असण्याची शक्यता सहात एक आहे.

त्यामुळे "चार महिन्यांत दोनशे डॉलर मायनस, म्हणजे मी वाईट खेळतो" हे वाक्य चूक आहे आणि "चार महिन्यांत बाराशे प्लस, म्हणजे जमलं" हेही तितकंच चूक आहे. दुसरं जास्त महाग पडतं. जिंकणारा माणूस वही उघडत नाही.

त्यात इथल्या कार्डरूमचा हिशेबही धरा. कॅलिफोर्नियाचा कायदा पॉटमधून, म्हणजे डावात मधे जमलेल्या पैशांतून, टक्केवारी घेऊ देत नाही. म्हणून रूम प्रत्येक डावामागे ठरलेली रक्कम कापते. मी जिथं बसतो तिथं सहा डॉलर. पॉट ४० चा असो की ४०० चा, सहा म्हणजे सहा. छोट्या पॉटवर हा १५ टक्के कर झाला आणि मोठ्यावर दीड टक्का. आता लक्षात घ्या, टिपून टिपून जमवायचं ते छोट्या पॉटमधून, म्हणजे सगळ्यात जास्त कर भरून. आणि घालवायचं एका मोठ्यात. वर सांगितलेल्या तक्रारीचा अर्धा भाग हाच आहे.

पुस्तकं : वाचली, पण कुठल्या टेबलाची?

पोकरची पुस्तकं कादंबरीसारखी वाचता येतात, हाच त्यांचा दोष. डॅन हॅरिंग्टनची २००४ पासून आलेली गाजलेली मालिका घ्या. माणूस मोठा, १९९५ चा पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा मेन इव्हेंट जिंकलेला, आणि समजावतोही सुंदर. पण ते तीन खंड टूर्नामेंटसाठी आहेत. तिथं ब्लाइंड वाढत जातात, चिप संपल्या की घरी, आणि म्हणून ब्लाइंड चोरणं, म्हणजे रक्कम वाढवून सगळ्यांना पळवायचं आणि ब्लाइंड उचलायचे, ही रोजची भाकरी. माझं टेबल कॅशचं. ब्लाइंड वाढत नाहीत, चोरलेल्या चार डॉलरला काही किंमत नाही, आणि समोरचे चोरूही देत नाहीत, कारण त्यांना फ्लॉप (हातातल्या दोन पानांनंतर मधे उघडी पडणारी सगळ्यांची पहिली तीन पानं) बघायचाच असतो. मी वर्षभर त्या पुस्तकाबरहुकूम चोऱ्या करत होतो आणि पाच-पाच जणांसोबत फ्लॉप बघत होतो. त्यात पुस्तकाची काय चूक?

डॉयल ब्रन्सनच्या पुस्तकाचं झालं तसंच. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं मेन इव्हेंट जिंकलेला टेक्सासचा हा माणूस सतत दाबत राहायला शिकवतो. त्याचं दाबणं चाललं, कारण समोरचे पानं टाकत होते, म्हणजे डाव सोडत होते. एक-तीनच्या टेबलवर शनिवारी रात्री कोणी पानं टाकायला आलेलं नसतं.

तेव्हा पुस्तक हातात घेतलं की आधी तीन गोष्टी पेन्सिलीनं पहिल्या पानावर लिहा: कॅश की टूर्नामेंट, ब्लाइंडच्या किती पट चिप, आणि समोरचे पानं टाकणारे की कॉल करणारे, म्हणजे तेवढीच रक्कम भरून आत राहणारे. तिन्ही जुळत नसतील तर पुस्तक फेकू नका, पण त्यातले डावपेच जसेच्या तसे उचलू नका. आणि प्रत्येक उदाहरणात "तुम्ही काय कराल?" असं विचारलं की खालचा मजकूर कागदानं झाका, उत्तर लिहा, कारण लिहा, मग कागद काढा. मी एक पुस्तक असं दुसऱ्यांदा वाचलं. पहिल्या वाचनात मला "हे तर माहीतच आहे" असं वाटलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक चुकले. वाचताना मान डोलते, त्याला आपण समजलं असं म्हणतो.

एक आपल्याकडचा अडथळाही सांगून टाकतो. आपण पत्ते शिकलो ते दिवाळीत तीन पत्तीवर. तिथं पॅक केलं की भावंडं हसतात, आणि चाल देत राहणं म्हणजे मर्दुमकी. ती सवय तिशीतही हातात राहते. उलट मेंढीकोटमध्ये कोणत्या दश्श्या गेल्या, कोणाकडे हुकूम उरला, हे मोजायची जी सवय लागलेली असते ती पोकरमध्ये सोन्यासारखी. आपण आणतो नेमकी पहिली.

खरा बिघाड

माझ्या वडिलांचं सांगलीत किराणा दुकान होतं. दोन वह्या असायच्या. कीर्दीत दिवसभरात जे घडेल ते घडलं त्या क्रमानं लिहायचं. रविवारी दुपारी, दुकान अर्धं बंद करून, त्यातली एकेक नोंद उचलून खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवायची. मला हे काम निरर्थक वाटायचं. तेच आकडे, परत लिहायचे. वडील म्हणायचे, कीर्द सांगते काय झालं, खतावणी सांगते कोण बुडवतंय. एक गिऱ्हाईक होतं. रोज सकाळी रोख देऊन पाव न् दूध न्यायचं, गोड बोलायचं. कीर्दीत त्याचं नाव रोज जमेला. खतावणीत त्याचं पान उघडलं की दिसायचं, दर दिवाळीला तेल-साखरेची मोठी उधारी आणि ती फेडलेली कधीच नाही.

आपण पोकर खेळणारे सगळे कीर्द ठेवतो. फोनमध्ये ॲप असतं: तारीख, तास, आणलेले पैसे, नेलेले पैसे. काही जण डावही लिहितात. खतावणी कोणीच करत नाही. आणि गळती खतावणीतच दिसते.

नियम असे केले.

पहिला, १०० डॉलरच्या वर गेलेला प्रत्येक पॉट लिहायचा, जिंकला असो वा हरला. फक्त दुखलेले डाव लिहिले तर वही रडगाणं होते आणि गळती भलतीकडेच आहे असं दाखवते.

दुसरा, डाव माझ्या शेवटच्या मोठ्या निर्णयापर्यंतच लिहायचा. समोरच्याकडे काय निघालं, कोण जिंकलं, हे त्या पानावर नाही. ते वहीच्या मागच्या बाजूला, फक्त डावाचा क्रमांक टाकून. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन बसायचं, पुढचं पान वाचायचं, आणि निकाल माहीत नसल्यासारखा हिशेब करायचा. माहीत असतोच, पण समोर लिहिलेला नसला तरी पुष्कळ फरक पडतो.

तिसरा, महिन्यातून एकदा सगळे डाव खात्यांवर चढवायचे. खाती आधी ठरवायची नाहीत. डाव वाचत जायचं, तीनदा एकच प्रकार दिसला की खातं उघडायचं.

तीन महिन्यांत ५८ डाव जमले. मला खात्री होती की माझी गळती ब्लफमध्ये आहे, कारण ब्लफ पकडला गेला की लाज वाटते आणि लाज लक्षात राहते. ब्लफच्या खात्यात सहाच नोंदी निघाल्या, त्याही स्वस्तातल्या. सगळ्यात जाड खातं निघालं ते असं: "टर्न किंवा रिव्हरला समोरच्यानं मोठा रेज केला, मी एका जोडीवर कॉल केला." (टर्न म्हणजे मधलं चौथं उघडं पान, रिव्हर पाचवं; रेज म्हणजे लावलेली रक्कम वाढवणं.) चौदा नोंदी. मग मागचं पान उघडलं. चौदापैकी दोनदा मी पुढे होतो.

गोड बोलणारं गिऱ्हाईक सापडलं.

एक डाव, सावकाश

टेबलवर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ, टोपी, शेजारी ग्रीन टीचा कप. मी त्यांना मनात आजोबा म्हणतो. तीन तासांत त्यांनी एकदाही रेज केलेला नव्हता. गुलामाची टॉप पेअर (बोर्डवरच्या, म्हणजे मधल्या उघड्या पानांतल्या, सगळ्यात मोठ्या पानाची जोडी) घेऊन दोनदा शेवटपर्यंत नुसते कॉल करत गेलेले आणि पानं दाखवलेली.

आजोबा ३ डॉलर टाकून आत. मी बटणाच्या (शेवटी बोलणाऱ्याच्या जागेच्या) उजव्या हाताला. माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि बदामचा एक्का. १५ केले. मोठ्या ब्लाइंडवाल्यानं कॉल केला, आजोबांनीही. ४५ आणि छोट्या ब्लाइंडचा १, त्यातून रूमचे ६ गेले, पॉट ४०.

फ्लॉप: इस्पिक गुलाम, इस्पिक नव्वी, चौकट चौव्वी. दोघांनी चेक केलं, म्हणजे काही न लावता पुढे दिलं, मी ३० लावले, ब्लाइंडवाला गेला, आजोबांचा कॉल. पॉट १००.

टर्न: किलवर दुर्री. आजोबांचा चेक. मी ६०. आजोबांनी कप बाजूला सरकवला, चिपा दोन्ही हातांनी पुढे ढकलल्या. ऑल-इन, २५५. माझ्याकडे १९५ उरलेले.

त्या रात्री डोक्यात काय चाललं होतं तेही मी लिहून ठेवलं होतं: "एक्क्यांची जोडी आहे. इस्पिकचा ड्रॉ असेल. आता सोडलं तर झोप येणार नाही." कॉल केला. (ड्रॉ म्हणजे पाच इस्पिक जुळायला एक पान कमी.) यातल्या एकाही वाक्यात आकडा नाही.

आता आकडे. १९५ देऊन ४१५ मिळणार, म्हणजे एकूण ६१० मध्ये माझे १९५. मला ३२ टक्के वेळा जिंकायला हवं.

मला मागे टाकणारे हात, म्हणजे समोरच्याची दोन पानं काय काय असू शकतात, ते मोजू. नव्व्यांची जोडी: एक नव्वी बोर्डवर, उरलेल्या तिनांतून तीन प्रकारे. चौव्व्यांची जोडी: तीन. एकाच रंगाचे गुलाम-नव्वी: इस्पिक वगळून तीन. एकूण नऊ. गुलामांची जोडी असती तर आजोबांनी पहिल्यांदाच वाढवलं असतं, म्हणून धरली नाही. वेगवेगळ्या रंगांचे गुलाम-नव्वी धरले तर आणखी सहा वाढतात आणि माझं आणखी वाईट होतं, म्हणून तेही सोडले, स्वतःवर मेहेरबानी केली. तिय्यांविरुद्ध (एकाच किमतीची तीन पानं, म्हणजे सेट) माझ्याकडे उरलेले दोन एक्के, ४४ पैकी २ पानं, साडेचार टक्के. दोन जोड्यांविरुद्ध आठ पानं: दोन एक्के, तीन चौव्व्या, तीन दुर्र्या, १८ टक्के. नऊही हात मिळून माझ्या वाट्याला एका अख्ख्या डावाहूनही कमी, ०.८ च्या आसपास.

समोर इस्पिकचे ड्रॉ: राणी-दश्शी, दश्शी-अठ्ठी, राजा-राणी असे. त्यांच्याविरुद्ध मी साधारण ७० टक्के वेळा जिंकतो. मग किती ड्रॉ असले म्हणजे ३२ टक्के भरतील? साडेपाच येतात. सहा धरा.

इस्पिकचा एक्का माझ्या हातात, म्हणजे एक्क्याचे सगळे ड्रॉ बाद. उरलेल्यांतून सहा काढता येतात, ओढूनताणून का होईना. पण आजोबांकडे ते असू शकतात का, एवढ्यानं भागत नाही. त्या सहाच्या सहा हातांवर आजोबा टर्नला ऑल-इन जातील का, हे विचारायला हवं. तीन तास ज्यांनी एकही रेज केला नाही, ते ड्रॉवर कॉल करतात. एक्का-गुलाम घेऊन त्यांनी ऑल-इन केलं तर माझा हिशेब उलटेल, हे कबूल. पण गुलामाच्या टॉप पेअरवर ते काय करतात हे त्यांनी दोनदा दाखवलेलं होतं.

पानं टाकायची होती. त्यांच्याकडे त्या रात्री काय निघालं ते लिहीत नाही. ते वहीच्या मागच्या बाजूला आहे.

टेबलवर एवढं सगळं मोजता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. मोजायचं नसतंच. घरी पन्नास वेळा मोजलं की टेबलवर "मला एक-तृतीयांश हवं आणि यांच्याकडे ड्रॉ पुरेसे नाहीत" एवढं एक वाक्य पाच सेकंदांत येतं.

सराव कसा करायचा

पत्त्यांचा खरा कॅट घ्या. ॲप नको. वहीतला एक डाव मांडा: बोर्ड, आपली पानं. उरलेल्या ४६ पानांतून समोरच्याचे हात प्रत्यक्ष उचलून जोड्या लावा आणि दोन ढिगाऱ्यांत टाका, मला मारणारे आणि मी मारतो ते. पानं हातानं उचलली की लक्षात येतं की "सेट असेल" असं आपण सहज म्हणतो ते फक्त तीन प्रकारे होतं, आणि बोर्डवर त्या किमतीचं पान नसेल तर जोडी सहा प्रकारे. वीस मिनिटं, रोज एक डाव. माझा मुलगा सुरुवातीला विचारायचा, बाबा एकटेच काय खेळतोयस. आता तो ढिगारे मोजून देतो.

आणि टक्केवारी पाठ करा, पाढ्यांसारखी. पॉटच्या निम्मी बेट समोर आली तर २५ टक्के हवेत, पूर्ण पॉटची आली तर ३३. एका पानाची वाट बघायची असेल तर जेवढी पानं उपयोगाची त्यांची दुप्पट, दोन पानांची असेल तर चौपट. नऊ पानांचा फ्लश ड्रॉ (एकाच रंगाची पाच पानं व्हायला एक कमी) टर्ननंतर १८ नव्हे, १९ टक्क्यांच्या पुढे असतो, पण टेबलवर १८ म्हणून चालतं. छोटी जोडी घेऊन फ्लॉपला तिय्या लागायची शक्यता साडेआठात एक. म्हणून १५ डॉलर देताना दोघांच्याही समोर त्याच्या दहापट तरी चिप आहेत का, ते बघायचं.

बसायला जाताना गाडीत एकच गोष्ट ठरवायची. माझी त्या खात्यानंतर दोन महिने एकच होती: टर्नला रेज आला की हात मांडीवर ठेवायचे, मोजायचं, मग चिपला हात. बाकी सगळं नेहमीसारखं, वाईट असलं तरी. तीन गोष्टी एकदम सुधारायला गेलं की एकही होत नाही.

याबाबत एक यंत्र आपल्यापेक्षा शहाणं निघालं. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या प्रोग्रॅमनं चार व्यावसायिक खेळाडूंशी वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळले, दोघांतलं नो-लिमिट, आणि घसघशीत फरकानं जिंकला. बातम्या जिंकण्याच्याच आल्या. मला आवडते ती त्याची रात्र. दिवसभराचा खेळ संपला की प्रोग्रॅम बघायचा, समोरच्यांनी आपली कोणती भोकं शोधली. त्यांची क्रमवारी लावायचा. आणि त्या रात्री सुपरकॉम्प्युटरवर फक्त वरची तीन बुजवायचा. हाताशी सुपरकॉम्प्युटर असताना तीन! समोरच्या माणसांची भोकं शोधण्यात त्यानं वेळ घालवला नाही, स्वतःची बुजवली. आम्ही शनिवारी रात्री परत येताना गाडीत नेमकं उलटं करतो, टेबलवरच्या सगळ्यांच्या चुका मोजतो.

सगळं करूनही तेच होत असेल तर

मग बहुधा माहितीचा प्रश्न नाही. प्रत्येक डावासमोर घड्याळाची वेळ लिहायला लागा. माझे ते चौदा कॉल वेळेनुसार लावले तेव्हा नऊ रात्री साडेअकरानंतरचे निघाले. पुस्तकात यावर काही मिळणार नाही, घरी जायचं असतं. मी फोनमध्ये सव्वाअकराचा गजर लावतो. सव्वाअकराला जिंकत असलो तरी उठतो. पहिल्यांदा उठलो तेव्हा शेजारच्यानं विचारलं, बायकोचा फोन का? हो म्हटलं.

स्वतःचं मूल्यमापन करताना आपण आपल्याशी किती खोटं बोलतो, याचा एक प्रयोग करून बघा. एकच डाव दोन खेळणाऱ्या मित्रांना सांगा. एकाला शेवटी म्हणा, "कॉल केला आणि जिंकलो." दुसऱ्याला, "कॉल केला आणि हरलो." मी केला. पहिला म्हणाला, बरोबरच होतं, त्यानं ड्रॉ दाखवलाच होता जणू. दुसरा म्हणाला, अरे हा तर उघड सेट होता, कसा काय कॉल केलास? डाव तोच. तेव्हापासून कोणाला डाव विचारायचा असेल तर मी निर्णयापाशी थांबतो. समोरच्यानं "मग काय निघालं?" विचारलं की आधी त्याचं उत्तर घेतो. काही जण चिडतात. असू दे.

सॉल्व्हर, म्हणजे डावाचं गणित सोडवून देणारा प्रोग्रॅम, विकत घेऊ का, असंही त्या पोरानं विचारलं होतं. चांगलं हत्यार आहे, पण ते असं धरून चालतं की समोरचाही चोख खेळतोय आणि ठरलेल्या प्रमाणात ब्लफ करतोय. वरच्या डावात सॉल्व्हर एक्क्यांवर कॉल कर म्हणेल, कारण त्याच्या कल्पनेतला प्रतिस्पर्धी ड्रॉवरही ऑल-इन जातो. आजोबा जात नाहीत. वर्षभर खतावणी केल्यावर घे, म्हटलं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: पैसे लावून ऑनलाइन खेळणं २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं बंद झालं आहे, कौशल्याचा खेळ असो वा नशिबाचा. त्यातून पळवाट शोधू नका. वही, कॅट आणि वाटाण्यांच्या चिपा घेऊन चार मित्र बसलात तरी वरचं सगळं करता येतं. फक्त वाटाण्यांवर कोणी पानं टाकत नाही, तेव्हा हरणाऱ्यानं भांडी घासायची असं काहीतरी ठरवा. आम्ही इथंही पहिला सराव तसाच केला.

दिवाळीनंतर त्या पोराचा फोटो आला, त्याच्या खतावणीच्या पहिल्या पानाचा. तेवीस डाव. मला वाटलं होतं त्याचंही जाड खातं टर्नच्या रेजचं असेल. त्याच्या त्या खात्यात दोनच नोंदी होत्या. अकरा नोंदी दुसऱ्याच खात्यावर होत्या आणि खात्याचं नाव त्यानं लिहिलं होतं "कंटाळा". तासभर काही आलं नाही म्हणून राजा-सत्तीवर आत गेलो, छप्पर बघून कंटाळलो म्हणून कॉल केला, असे डाव.

माझ्या वहीत हे खातंच नव्हतं. जुने डाव परत वाचायला घेतले आहेत. आत्तापर्यंत चार सापडले.